आप्पांचा अर्ज आणि माझा नियम अकरा

सई आणि निखिल,

गेल्या आठवड्यात मी खाली सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एक फॉर्म भरला. माझ्यामागे हे नवव्या मजल्यावरचं घर तुम्हा दोघांचं व्हावं, अशी नोंद केली. तुमच्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस, पण त्यांना काय कळतंय त्यातलं?" कळावं म्हणूनच हे लिहिते आहे. एक दिवस मेलबर्नमध्ये बसल्या बसल्या तुम्ही चिंचपोकळीतल्या एका इमारतीचे मालक व्हाल. तुम्हाला सभेची नोटीस येईल, मत देता येईल. त्या वेळी या घरात जो कोणी राहत असेल, इथलं पाणी भरत असेल, लिफ्ट बंद पडली की नऊ मजले चढत असेल, त्याला नोटीस येणार नाही आणि मतही नसेल. या फरकावरच मी नऊ वर्षं नोकरी केली.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव मागितले आहेत. त्यांच्या मनात माझी पहिली नोकरी असावी. फोर्टमधल्या सॉलिसिटरच्या कचेरीत बत्तीस वर्षं मी स्टेनोग्राफर होते. तिथल्या गमती पुष्कळ आहेत. पण मी दुसऱ्या नोकरीबद्दल लिहिणार आहे, याच इमारतीच्या सोसायटीत मॅनेजर होते तिच्याबद्दल. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते. अडलं तर आईला विचारा, पण तिने गाळलेलं वाक्य तिला पुन्हा वाचायला लावा.

आधी ही इमारत समजून घ्या. ती उभी आहे तिथे चार मजल्यांची चाळ होती. मी गिरगावातून लग्न होऊन तिथे आले तेव्हा तिथली बहुतेक माणसं कोकणातली आणि गिरणीत काम करणारी होती. तुमच्या आजोबांचे वडीलही. खोल्या कोणाच्याच मालकीच्या नव्हत्या. मालक एक होता, तो मलबार हिलला राहायचा, आणि आम्ही सगळे भाडेकरू होतो. हा शब्द उच्चारताना कोणाला लाज वाटत नसे. मालकाला वाटलं म्हणून आम्हाला काढता येत नव्हतं, कारण कायदा भाडेकरूच्या बाजूने होता. पुढे चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा त्याच कायद्याने प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत स्वतःच्या मालकीचं घर मिळालं. म्हणजे आम्ही मालक झालो ते केवळ भाडेकरू होतो म्हणून. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण आम्ही ते सगळ्यांत आधी विसरलो.

बांधकाम चालू होतं ती सहा वर्षं आम्ही इथे तिथे भाड्याने काढली. मला भायखळ्याला एका बाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे पाहुणे किती येतात?" तो अपमान मला अजून आठवतो. परत आलो आणि पाच-सहा वर्षांत आमच्यातल्या निम्म्यांनी आपली घरं भाड्याने देऊन बदलापूर, विरार, पनवेल गाठलं. मग तीच माणसं रविवारी कमिटीत बसून नव्या भाडेकरूंना विचारू लागली, "पाहुणे किती येतात?"

माझं काम असं. मालकाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं की तो ऑफिसात अर्ज करी. मी भाडेकरूची कागदपत्रं बघायची, करार तपासायचा, पोलिसांकडे नोंद झाली की नाही ते पाहायचं, कमिटीपुढे मुलाखत ठेवायची आणि कमिटी हो म्हणाली की ना हरकत पत्र टाइप करायचं. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षं इथे राहणाऱ्या माणसालाही दर वर्षी नव्याने अनोळखी व्हावं लागे.

मुलाखत हा शब्द मी उगाच वापरत नाही. टेबलाच्या एका बाजूला पाच खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक. एकदा एका अविवाहित मुलाने आपल्या आईला साताऱ्याहून आणलं होतं. अध्यक्ष विलास पाटकरांनी तिला विचारलं, "मुलाला काही व्यसन?"

ती म्हणाली, "त्याला नाही. तुम्हा पाच जणांत कुणाला?"

कोणी हसलं नाही. मी पॅडवर मान खाली घालून हसले. त्या मुलाला घर मिळालं नाही.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मला या कामाचा अभिमान होता, हे कबूल करते. चाळीच्या वेळी कागद पिशवीत असत. मी प्रत्येक घराची फाइल केली. मालकांची निळी, भाडेकरूंची पिवळी. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि तारीख. लॉबीत पितळी अक्षरांचा नावांचा बोर्ड लावून घेतला. त्यावर फक्त मालकांची नावं. कोणी राहतं की नाही, याच्याशी बोर्डाचा संबंध नव्हता.

या बोर्डाचा सर्वांत मोठा भक्त मधू सावंत. मधू चाळीतच वाढलेला. त्याचं घर बाराव्या मजल्यावर, ते भाड्याने दिलेलं, आणि हा बदलापूरला. दर रविवारी मात्र तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि लॉबीतल्या सोफ्यावर दोन तास बसायचा. वर जायचा नाही. मी एकदा विचारलं, "मधू, काही काम होतं का?"

"नाय वहिनी, काम कसलं? नाव बघून जातो. तिथे काय, समोर डोंगर बघायचा."

आता नियम अकराबद्दल. एका रविवारी काही भाडेकरू मुलांनी पोडियमवर वाढदिवस केला. पोडियम म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरचं मोकळं आवार. झाडं, बाकं, झोपाळे. गाण्यांचा आवाज झाला, केक फरशीला चिकटला. दुसऱ्या दिवशी विलास माझ्याकडे आला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा चड्डीत गॅलरीतून पतंग उडवायचा. आता अध्यक्ष. म्हणाला, "वहिनी, तुमचं ते सॉलिसिटरचं डोकं लावा. असा नियम लिहा की कोणाला पळवाट राहता कामा नये."

मी लिहिला. दोन मसुदे फाडून तिसरा ठेवला. "सभासद नसलेल्या रहिवाशांस पोडियम, सभागृह व प्रवेशदालन यांचा वापर समूहाने जमण्यासाठी कोणत्याही कारणास्तव व कोणत्याही प्रसंगी करता येणार नाही." सभासद म्हणजे मालक. आमचे साहेब म्हणायचे, ज्या कलमातून माणूस वाकून बाहेर पडू शकतो ते कलमच नव्हे. 'कोणत्याही प्रसंगी' हे मी त्यांना स्मरून घातलं. सर्वसाधारण सभेत नियम एकमताने मंजूर झाला. मधूने हात वर केला, मीही केला. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पा घाडींनी तर टाळी वाजवली.

आप्पा कोण, ते सांगायला हवं. आप्पा चाळीतच जन्मले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. चाळीच्या टाकीचा व्हॉल्व्ह पहाटे तेच सोडायचे. विलासला पोहायला, मधूला सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं. टॉवरचा विषय निघाला तेव्हा बिल्डरचा माणूस पैसे घेऊन खोल्या सोडा असं सांगत फिरत होता. आप्पा त्याच्या मागोमाग प्रत्येक दारात जायचे. "पैसो खावन संपतलो. घर घेवा, घर." त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या नसत्या, तर आज या बोर्डावर आमच्यातलं एकही नाव नसतं.

त्यांना सातव्या मजल्यावर घर मिळालं. त्यांनी ते मुलाच्या नावे केलं. नियम अकरा मंजूर झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलाने ते विकलं आणि पनवेलला मोठं घर घेतलं. आप्पा जायला तयार नव्हते. "मी खंय जातलंय आता? माका हय सगळे वळखतत." तेव्हा त्यांची मुलगी शोभा पुढे झाली. ती परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होती, लग्न केलेलं नव्हतं. तिने मधूचं बाराव्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं आणि आप्पांना ठेवून घेतलं. बोर्डावरचं 'घाडी' उतरलं. ती पितळी अक्षरं मी पाकिटात घालून कपाटात ठेवली.

त्यांचीही मुलाखत झाली. नियम म्हणजे नियम. एका खुर्चीवर आप्पा, समोर पाच जण, त्यांतल्या तिघांना त्यांनी कडेवर घेतलेलं. विलासने डोळे वर न करता विचारलं, "आप्पा, फॉर्मवर मूळ पत्ता लिहिलेला नाही."

"ह्योच," आप्पा म्हणाले. "लिव ह्योच."

त्यानंतर रविवारी लॉबीत मजा असायची. मधू सोफ्यावर येऊन बसायचा, आप्पा वरून खाली यायचे. आप्पा म्हणायचे, "काय मालक, भाडा वाढवूक इलास?" मधू लाजून उभा राहायचा. एकाचं नाव बोर्डावर होतं, पण इथे अंथरूण नव्हतं. दुसऱ्याचं अंथरूण होतं, पण नाव नव्हतं. दोघे मिळून इमारतीत राहणारा एक पुरा माणूस होत असे.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात आप्पा ऑफिसात आले. त्यांच्या हृदयाचं काहीतरी निघालं होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं.

"बाय, एक अर्ज लिवचो आसा."

"कशाबद्दल, आप्पा?"

"मी मरान गेलंय की माका तासभर पोडियमवर ठेवचा. थंय आपला आंगण होता."

चाळीत कोणी गेलं की त्याला अंगणात आणून ठेवत. चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरत. खाली येऊ न शकणारी म्हातारी माणसं वरूनच हात जोडत. प्रत्येक घरातलं एक माणूस तांब्या घेऊन खाली येई आणि पायांवर पाणी घाली. तुमच्या पणजोबांना, पणजीला तसंच नेलं. ते अंगण जिथे होतं, नेमकं त्याच्यावर आता पोडियम आहे. आप्पा म्हणायचे, आंगण वर गेला, आमीव वर जावया.

मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, "आप्पा, तुम्ही भाडेकरू आहात. अर्जावर मालकाची सही लागेल."

ते रागावले नाहीत. पुढच्या रविवारी मधूची सही घेऊन आले. सही करताना मधू लॉबीतच रडला, असं वॉचमन म्हणाला. मी अर्ज टाइप केला, आप्पांनी मराठीत पूर्ण नाव लिहून सही केली, मी आवक क्रमांक घातला. कागद इतका व्यवस्थित होता की मला समाधान वाटलं.

आता तो मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर यायचा होता. विलास म्हणाला, "वहिनी, नव्या वर्षाची पहिली सभा. त्यात हे अभद्र कशाला?" मलाही पटलं. वैशाखात त्याच्या पुतणीचं लग्न होतं. ज्येष्ठ-आषाढात गच्चीच्या गळतीपलीकडे कुठलाच विषय होईना. श्रावण पवित्र. मग गणपती. पितृपक्षात तरी घ्या म्हटलं, तर कमिटीतल्या एकांनी सांगितलं, "पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत." मग नवरात्र, मग दिवाळी, मग मार्गशीर्षातले गुरुवार. आम्हा मराठी माणसांच्या वर्षात जिवंत माणसाच्या मरणाबद्दल बोलायला एकही महिना नाही, हे मला त्या वर्षी कळलं. दर महिन्याला मी अर्ज 'प्रलंबित' फोल्डरमध्ये परत ठेवत होते. लॉबीत आप्पा विचारायचे, "बाय, माझा काय झाला?" मी म्हणायची, "पुढच्या सभेत नक्की." ते हसायचे. "बरा. मी थांबतंय."

आप्पा पौषात गेले. पौषात शुभकार्य नसतात, तेव्हा त्या सभेत विषय घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती. सभा येत्या रविवारी होती. आप्पा गुरुवारी गेले.

सकाळी साडेनऊच्या सुमारास हॉस्पिटलातून गाडी आली. पोडियमवर जायला रॅम्प आहे, त्याच्या तोंडाशी फाटक, फाटकाला कुलूप, कुलपाची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये. वॉचमन नवा होता. त्याने काचेतून विचारलं, "मॅडम, मेंबर का है या टेनंट का?"

मी विलासला फोन लावला.

"वहिनी, मला काय वाईट वाटत नाही का? पोहायला त्यांनी शिकवलं मला. पण आज ह्यांना दिलं तर उद्या बी विंगमधला कुठलाही भाडोत्री येऊन उभा राहील. मग त्याला काय सांगू?"

"अर्ज आहे, विलास. मालकाच्या सहीचा. चैत्रापासून आहे."

"मग रविवारी कमिटीत येऊ दे ना. मी एकटा कसा निर्णय घेऊ? आणि 'कोणत्याही प्रसंगी' हे तुमच्याच हातचं आहे."

फोन ठेवला तर शोभा दारात उभी होती. रात्रभर जागलेली, पायात हॉस्पिटलच्याच चपला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, चावी तुमच्याकडेच असते ना?"

"असते," मी म्हटलं.

ती फाटकाकडे परत गेली.

मी का उठले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी कोणाला घाबरत नव्हते. नोकरी गेली असती तर जेवण बंद होणार नव्हतं. बत्तीस आणि नऊ, एकेचाळीस वर्षं मी सहीशिवाय एक कागद हलवला नव्हता. त्या सकाळी कागदावर सही नव्हती, म्हणून माझा हात हलला नाही. इतकंच.

आप्पांना फुटपाथवर ठेवलं. फाटकाच्या बाहेर, मॉड्युलर किचनच्या शोरूमसमोर. शोरूमच्या मुलाने बिचाऱ्याने आपणहून शटर अर्धं खाली घेतलं. हळूहळू माणसं जमली. डोंबिवलीहून, लालबागहून जुनी माणसं आली. इमारतीतले भाडेकरू आले. सकाळी ऑफिसला निघालेले, पाठीवर बॅगा तशाच. त्यांतल्या कितीतरी जणांना अंगण काय, गॅलऱ्या काय, काही माहीत नव्हतं. आप्पा त्यांना लिफ्टमध्ये भेटायचे, एवढीच ओळख. एक मुलगी प्लॅस्टिकच्या बाटलीतून पायांवर पाणी घालत होती. बघून बघून शिकली असावी. मीही वर घरी जाऊन खाली उतरले. तांब्या घेऊन गेले होते, पण शोभासमोर तो पुढे करायचं धाडस झालं नाही. कोपऱ्यात उभी राहिले.

उचलायच्या वेळी मधू धावत आला. बदलापूरहून यायला वेळ लागतोच. पाहिलं आणि त्याचा आवाज फाटला. "इथे? इथे ठेवलात आप्पांना? उघडा फाटक! मी मेंबर आहे, बोर्डावर नाव आहे माझं! मेंबरला कोण अडवतंय? माझ्या नावावर लिहा!"

शोभाने त्याचा हात धरला. "राहू दे, मधूदादा. आता राहू दे."

आणि तेव्हा, सई-निखिल, माझ्या लक्षात आलं. मीसुद्धा मेंबर आहे. नववा मजला, बोर्डावर पितळी नाव. पोडियम हवा असेल तर मेंबरने एका पानाचा फॉर्म भरायचा, तो फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये, चावीच्या शेजारी होता. माझ्या नावाने दोन मिनिटांत भरला असता. कुठलाच नियम मोडला नसता. विलासला विचारावं लागलं नसतं. माझ्या कलमातून वाकून बाहेर पडायची एकच जागा होती, ती मीच होते, आणि मला ती दिसली नाही, कारण मी खुर्चीवर मॅनेजर म्हणून बसले होते.

शोभाने त्या महिन्याअखेर घर सोडलं. सामान बाहेर न्यायचं ना हरकत पत्र घ्यायला ती आली नाही; सामान नेणारा माणूस आला. तीन महिन्यांनी, हातातली कामं पुरी करून, मी नोकरी सोडली. पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून दुरुस्ती मांडली: मृत्यूच्या प्रसंगी नियम अकरा लागू नसावा. मधूने अनुमोदन दिलं. विलास म्हणाला, "भावना समजते, पण मतदान घेऊ." हात वर झाले ते माझा, मधूचा आणि सातव्या मजल्यावरच्या एका बाईंचा. त्या बाईंनी नंतर मला सांगितलं, त्यांनी पंखा कमी करा म्हणून हात केला होता. ज्यांनी हात वर केले असते, ती माणसं हॉलच्या काचेबाहेरून जा-ये करत होती. त्यांना आत यायला परवानगी नव्हती.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही दोघं तिकडे भाड्याच्या घरात राहता. घरमालकाने पत्र पाठवलं की सई मला फोन करून रडते, आणि मी तिला समजावते की करार नीट वाचायचा असतो, बाळा. असं सांगताना मला माझाच आवाज आवडत नाही. पुढे कधी या इमारतीची नोटीस तुमच्या मेलवर येईल. बरेच मालक ती न वाचता पुसून टाकतात. तुम्ही उघडून बघा. दुरुस्ती कोणीही सभासद पुन्हा मांडू शकतो; तसा नियम आहे, तोही मीच टाइप केलेला.

मधू अजून रविवारी येतो. सोफ्यावर बसत नाही, रॅम्पच्या फाटकापाशी उभा राहतो आणि जातो. आप्पांची पितळी अक्षरं ऑफिसच्या कपाटात पाकिटात असावीत. अर्ज मात्र मी नोकरी सोडताना बरोबर आणला. कार्यालयाचा कागद घरी नेण्याची ती माझी एकच वेळ. तो माझ्या निळ्या फाइलीत आहे. आप्पांची सही आहे, मधूची सही आहे, आवक क्रमांक आहे. 'कमिटीचा निर्णय' हा रकाना कोरा आहे.

नियम अकरा अजून लागू आहे.